तुम्हाला काय कमी आहे?

गेल्या चैत्रातली गोष्ट. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू जाऊन ये. तुझं ऐकेल ती. चार पुस्तकं वाचली आहेस, दोन गोष्टी समजावून सांग."

'ती' म्हणजे माझी नणंद. वय एकोणपन्नास. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरीत, मुलगा बंगळूरला. लालबागच्या मागच्या बाजूला तिचा स्वतःचा फ्लॅट आहे, आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. आणि तिने घरात सांगितलं होतं की तिला लग्न करायचं आहे. गृहस्थ विधुर, बँकेतून निवृत्त झालेले, आपल्याच समाजातले. लपवाछपवी नाही, पळून जाणं नाही. तिने सरळ थोरल्या भावाला फोन करून सांगितलं, आणि आमच्या घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही.

मी गेले. तिने पोहे केले, वर शेव घातली, चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी जे बोलायला आले होते ते बोलले. "वन्सं, राग मानू नका. पण खरं सांगा, तुम्हाला काय कमी आहे? घर आहे, पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली आहेत."

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "वहिनी, काय कमी आहे हे विचारायला आलात, की काही कमी नाही हे सांगायला आलात?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी परतताना लालबाग पॅलेसच्या त्या मोठ्या लोखंडी फाटकापाशी क्षणभर थांबले. बंद फाटक रोज बघते, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघायला नको वाटलं.

त्या रात्री झोप येईना. मुलाने लॅपटॉपवर जुने सिनेमे ठेवलेले आहेत, त्यातला 'कुंकू' लावला. १९३७ सालचा, प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. माझं माहेर कोल्हापूरकडचं. प्रभात कंपनी मुळात कोल्हापूरची, १९२९ साली तिथे निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका प्रभातच्या सिनेमांबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. माझ्या आजीने 'कुंकू' तेव्हाच पाहिला होता. आजी स्वतः बिजवराला दिलेली. चौदाव्या वर्षी लग्न, नवरा बत्तिशीचा, पहिलीची दोन मुलं घरात. सिनेमा बघून आल्यावर ती काही बोलली नव्हती म्हणे. पुढे मी कॉलेजात असताना एकदा विचारलं, "आजी, 'कुंकू' आवडला होता का गं?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिचा म्हातारा शहाणा होता. सगळ्यांचे नसतात." आणि पुन्हा खडे शोधायला लागली.

ज्या मैत्रिणींनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो केला. नीरा नावाची पोरकी मुलगी. तिला सांभाळणारे नातेवाईक पैशाच्या लोभाने तिचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. नीरा म्हणजे शांता आपटे, काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. नीरा सासरी येते, पण ती त्याची बायको व्हायला नकार देते. रडून नाही, विहीर जवळ करून नाही. त्याच घरात राहून, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती नाही म्हणते. तिच्यापेक्षा वयाने मोठा सावत्र मुलगा तिच्यावर वाईट नजर टाकतो, तर त्याला छडीने बडवून काढते. घरात म्हातारी आत्या, भिंतीवर जुनं घड्याळ, आरसे. सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. काकासाहेबांची मुलगी समाजकार्य करणारी. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं, आणि प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनाच्या कामाला स्वतःला वाहून घेतलं होतं. ही मुलगी बापाची नाही, नीराची बाजू घेते. हळूहळू म्हाताऱ्याला स्वतःचा अन्याय दिसू लागतो. शेवटी तो नीराला मुलगी मानतो, तिने योग्य माणसाशी लग्न करावं असं पत्र लिहून ठेवतो आणि आपला जीव देतो.

पूर्वी पाहिला तेव्हा शेवटाला मला रडू आलं होतं. या वेळी आलं नाही. या वेळी दोन गोष्टी खटकल्या, आणि त्याच मला इथे मांडायच्या आहेत.

पहिली गोष्ट. नीराला काय नको आहे ते सिनेमाभर कळतं. तिला काय हवं आहे ते कुठेच कळत नाही. तिच्या मनात दुसरा कुणी नाही. तिला कुणी आवडत नाही, तिला कुठे जायचं नाही. तिची इच्छा म्हणजे फक्त एक नकार. आणि मला वाटतं, म्हणूनच त्या काळच्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. जरठ-कुमारी विवाह वाईट, हे देवलांच्या 'शारदा' नाटकापासून, म्हणजे १८९९ पासून, मराठी माणसाने ऐकलेलं होतं. १९२९ साली शारदा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. म्हाताऱ्या नवऱ्याला नाही म्हणणारी मुलगी समाजाला निदान समजू शकत होती. पण समजा, नीराच्या मनात शेजारचा एखादा तरुण असता तर? सिनेमात एवढंच बदललं असतं, अन्याय तोच, म्हातारा तोच, तर किती जणांनी तिला चांगली म्हटलं असतं?

बाईचा नकार कधीतरी पचतो. तिचं 'हवंय' पचत नाही. माझ्या नणंदेने उद्या सांगितलं असतं की सासरचे मला छळतात, तर सगळं घर तिच्यामागे उभं राहिलं असतं. मीच पहिली गेले असते. पण तिला कुणी छळत नाही. तिला काहीतरी हवं आहे. म्हणून मला पाठवलं, तिला काही कमी नाही हे पटवायला.

दुसरी गोष्ट शेवटाची. नीराची सुटका कोण करतं? काकासाहेब करतात. त्यांच्या हाताने लिहिलेलं पत्र, त्यांनी दिलेली परवानगी, आणि त्यांचं मरण. आजीला हे लगेच कळलं होतं, मला कळायला तीस वर्षं लागली. म्हातारा शहाणा होता म्हणून नीरा सुटली.

यात लेखकाचा किंवा शांतारामांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे दुसरा दरवाजाच नव्हता. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची संमती १८५६ सालापासून होती, पण नको असलेल्या नवऱ्यापासून कायद्याने वेगळं होण्याची सोय तेव्हा आपल्याकडच्या बाईला जवळपास नव्हतीच. ती सोय सगळ्या देशाला मिळाली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि तो कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे. म्हणजे १९३७ साली नीराला मोकळं करायचं तर काकासाहेबांना मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता कायद्याचा दरवाजा उघडा आहे. माझ्या नणंदेला तर तोही लागत नाही, ती आधीच एकटी आहे. मग आम्ही सगळे कसल्या पत्राची वाट बघतोय? कुणी मरून तिला परवानगी द्यायची आहे?

साधारण त्याच वेळी, म्हणजे १९३६ साली, तिकडे जपानमध्ये मिझोगुची नावाच्या दिग्दर्शकाने 'ओसाका एलिजी' नावाचा सिनेमा केला. तोही मुलाने दाखवला. औषधांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर असलेली अयाको. बापाने आपल्या कंपनीच्या पैशांत अफरातफर केलेली, ते भरले नाहीत तर तो तुरुंगात जाणार. अयाकोला एक तरुण आवडतो, पण बापाचे पैसे फेडण्यासाठी ती मालकाची ठेवलेली बाई होते. पुढे भावाच्या शिक्षणाचे पैसेही तीच उभे करते, तेही एका पुरुषाला फसवून. पोलीस पकडतात, तिचं नाव खराब होतं, तो तरुणही हात झटकतो. ती घरी येते तर घरातली माणसं जेवायला बसलेली. कुणी ये म्हणत नाही. ज्या भावाची फी तिने भरली त्यालाच तिची लाज वाटते. ती उठते आणि बाहेर पडते. पुलावर ओळखीचा एक डॉक्टर भेटतो. माझ्यासारख्या बिघडलेल्या बाईला औषध आहे का, असं ती त्याला विचारते, आणि ते त्यालाही ठाऊक नसतं. मग ती चालू लागते, थेट आपल्याकडे तोंड करून, आणि सिनेमा संपतो.

या सिनेमात कुणी मरत नाही, कुणाला उपरती होत नाही. अयाकोचं काम केलेल्या इसुझु यामादाचा तो शेवटचा चेहरा मला अजून आठवतो. तिच्या इच्छेवर सगळ्यांनी पोट भरलं आणि तीच उष्टी ठरली. नीराला निदान एक शहाणा म्हातारा मिळाला. अयाकोला तोही नाही. पण एक मात्र खरं, अयाको स्वतःच्या पायाने बाहेर पडते. कुणाचं पत्र हातात घेऊन नाही.

आणि जपानला कशाला जायला हवं? आमच्या इंदूरचीच गोष्ट घ्या. लालबाग पॅलेसचं काम होळकरांनी १८८६ च्या सुमारास काढलं आणि ते १९२१ साली तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पुरं झालं. त्याच तुकोजीरावांच्या दरबारात मुमताज बेगम नावाची नर्तकी होती. तिला तिथे राहायचं नव्हतं. प्रवासात संधी साधून ती निसटली आणि पुढे मुंबईत अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून हल्ला झाला. बावला मारला गेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तिकडून जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटला झाला, देशभर गाजला. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली. त्याच वर्षी, १९२५ मध्येच, या प्रकरणावरून 'कुलीन कांता' नावाचा मूकपटही निघाला होता.

लग्न होऊन मी इंदुरात आले तेव्हा ही गोष्ट मला पहिल्यांदा कुणी सांगितली ती 'महाराजांची गादी कशी गेली' अशी. इतिहासात तिचं नाव 'बावला खून खटला'. एकात राजा, एकात व्यापारी. जिच्यामुळे सगळं घडलं असं सगळे म्हणतात तिचं नाव गोष्टीला नाही. आणि तिला हवं होतं तरी काय? परत न जाणं, एवढंच. शंभर वर्षं झाली, आम्ही त्या फाटकासमोरून भाजी घेऊन जातो, पण तिला काय हवं होतं हा प्रश्न मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आता दुसरी बाजूही मला मांडायला हवी, नाहीतर हा लेख एकांगी होईल. तुम्ही म्हणाल, इच्छांना अंत कुठे असतो? आपल्याला तर लहानपणापासून शिकवलं आहे की इच्छा वाढवाव्या तेवढ्या वाढतात. परिग्रहाला मर्यादा घालावी, गरजा कमी कराव्यात. मी हे मानते. दर वर्षी पर्युषणात जमेल तेवढं करते. जे जे हवंसं वाटलं ते ते योग्यच, असं मी माझ्या मुलालाही कधी शिकवलं नाही. मग नणंदेला वेगळं कसं सांगू?

पण विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे व्रत घेताना ते ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने घ्यावं लागतं. माझ्या वतीने सासूबाई उपवासाचं पच्चक्खाण घेऊ शकत नाहीत. आणि मला कुणी कोंडून उपाशी ठेवलं तर त्याला उपवास म्हणत नाहीत, त्याला उपासमार म्हणतात. पोटातली भूक तीच, दिवस तेवढेच, पण एक तप आहे आणि दुसरा छळ. मग जिने सोडायचं ठरवलंच नाही तिच्यावर आपण वैराग्य लादतो, ते कशात मोडतं? यजमान गेले त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या वतीने एक व्रत घेऊन टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. आणि सहा वर्षं तिचं कौतुकही केलं, "किती सोज्वळ राहते हो!" ते कौतुकही एक कुलूपच होतं, हे आता कळतं.

आणखी एक आठवण मला टोचत राहिली. माझे धाकटे दीर. त्यांची पहिली पत्नी गेली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, मुलगा कॉलेजात. अकरा महिन्यांत दुसरं लग्न झालं. याच सासूबाईंनी मुली पाहिल्या. "पुरुषमाणूस, एकटा कसा राहील?" असं सगळे म्हणाले. त्या लग्नाचे लाडू मी वळले, दोनशे. तेव्हा मी दिरांना जाऊन विचारलं का, "भाऊजी, तुम्हाला काय कमी आहे?" माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे माझी अडचण इच्छेशी नव्हतीच, कुणाची इच्छा याच्याशी होती. मर्यादा घालायची तर ती दोघांना सारखी घाला, नाहीतर तिला धर्माचं नाव देऊ नका.

मुलांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी टाळणार नाही. बंगळूरचा भाचा फोनवर म्हणाला, "मामी, मला बाबांची जागा कुणी घेतलेली बघवणार नाही." त्याचं दुःख खोटं नाही. फ्लॅट कुणाला, दागिने कुणाला, मुलीच्या लग्नात पुढे कोण उभं राहणार, हेही प्रश्न आहेत. पण यातले अर्धे प्रश्न कागदावर लिहून सुटतात, वकिलाकडे एक दुपार गेली की झालं. आणि दुःखाचं म्हणाल, तर ते एकमेकांशी बोलून हलकं होतं. आईने एकटं राहिल्याने ते नाहीसं होत नाही, नुसतं डोळ्याआड राहतं. दिरांच्या मुलालाही तेव्हा दुःख झालंच असेल. त्याला आम्ही सांगितलं होतं, "समजून घे, बाबांचं वय काय एकटं राहण्याचं आहे?"

मी पुन्हा नणंदेकडे गेले. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं. म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी चुकीचं विचारलं. आता नीट विचारते. तुम्हाला काय हवं आहे?"

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं सोबत म्हणेल, आधार म्हणेल, म्हातारपणची काठी म्हणेल. आपण असेच शब्द ठेवलेले असतात बायकांसाठी, चारचौघांत चालतील असे. ती म्हणाली, "रात्री दाराला कडी लावली की घरात दुसरं कुणी 'लावली का?' म्हणून विचारत नाही. सहा वर्षं झाली. आणि वहिनी, मला ते आवडतात. एवढंच. माझी काही गैरसोय नाही, मला ते आवडतात."

एकोणपन्नासाव्या वर्षी एक बाई हे वाक्य बोलली आणि मी, पन्नाशी ओलांडलेली, कानापर्यंत लाल झाले. मग मनात आलं, मला हे कुणी कधी विचारलं होतं का? बी.ए. झाल्यावर एम.ए. करायचं मनात होतं. कुणी अडवलं नाही, अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. नुसतं कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. छळ झाला नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून काही हवंच नव्हतं असं ठरून गेलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "मी त्यांना समजावणार नाही. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं वय ब्याऐंशी, त्यांना सोळाव्या वर्षी या घरात आणलं. त्यांनाही कुणी विचारलं नसणार. त्यांच्यावर राग धरावा असं मला वाटत नाही. पण आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. यजमान म्हणाले, "तू यात पडायला नको होतंस." मी म्हटलं, "मला यात तुम्हीच पाडलंत."

हे लिहिते आहे तेव्हा अजून काही ठरलेलं नाही. भाच्याने दिवाळीला येतो म्हटलं आहे, समोरासमोर बोलू म्हणाला. भाची आईच्या बाजूने आहे. नणंद घाई करत नाही, पण मागेही हटत नाही. समाजात कुजबुज सुरू झाली आहे. परवा प्रवचनाहून येताना एकीने मला गाठून विचारलंच, "ऐकलं ते खरं का हो? त्यांना काय कमी होतं?"

मी म्हटलं, "ते तुम्ही त्यांनाच विचारा. पण विचाराल तेव्हा उत्तर ऐकायची तयारी ठेवा."

काल सासूबाईंनी वरणाला फोडणी देता देता, माझ्याकडे न बघता, एवढंच विचारलं, "माणूस कसा आहे तो?"